गल्लीची जीभ

कलम २ (क). सांडपाणी म्हणजे माणसाच्या वापरातून गेलेले व त्याने टाकून दिलेले पाणी. एकदा जोडणीत पडल्यावर ते त्या माणसाचे राहत नाही.

सोमवारी सकाळी कस्तुरी सोनवडच्या साळी गल्लीत आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन ड्रेस, कोर्टातल्या अर्जाची प्रत आणि गोळ्यांचा एक खोका होता. मालनमावशीनं दार उघडलं, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आईगत दिसतीस. आत ये."

मालन तिची सख्खी मावशी नव्हती. कस्तुरीची आई आणि मालन बावीस वर्षं एकाच सूतगिरणीत शेजारशेजारच्या मशीनवर उभ्या होत्या. गिरणी बंद पडली, पुढं आई गेली, वहीत एक फोन नंबर राहिला. कस्तुरीच्या नवऱ्यानं, सुयोगनं, मालन हे नाव कधी ऐकलं नव्हतं. म्हणून ती इथं आली होती.

मंगळवारी दुपारी मालनचा फोन वाजला.

*सोनवड नगरपालिका. साळी गल्ली, सामायिक चेंबर ४१. अनुसूची तीनमधील पदार्थ आढळला. अतिरिक्त आकार रु. ११, सात जोडण्यांत विभागून. आपली नदी, आपली जबाबदारी.*

"अकरा रुपये सात घरांत," मालन हसली. "दीड रुपयासाठी मेसेज. कोण काय ओततंय कुणास ठाऊक."

"मावशी, मी."

"तू काय ओतलंस?"

"काही नाही. बाथरूमला गेले होते."

मालनला कळलं नाही. कस्तुरी भिंतीला टेकून खाली बसली, आणि मग सांगायला लागली.

&nbsp;

कलम ५. प्रत्येक सामायिक चेंबरमध्ये एक जोडणी परीक्षक बसवण्यात येईल. त्यास हात लावू नये.

लोक त्याला जीभ म्हणत. दिसायचीही तशीच. हातभर लांबीची गुलाबीसर पट्टी, एका टोकाला चेंबरच्या भिंतीत रोवलेली, दुसरं टोक वाहत्या पाण्यात. पट्टीवर लाखो खाचा होत्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रत्येक खाच एकाच रेणूच्या मापाची. तो रेणू वाहत आला की खाचेत अडकतो, दुसरा अडकत नाही. अडकला की पट्टीतून जाणारी वीज किंचित हलते. किती वेळा हलली यावरून पाण्यात काय आहे आणि किती आहे ते समजतं. मग पट्टी स्वतःला धुऊन घेते आणि पुन्हा चाखायला लागते.

ती बसवण्यामागं वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आठ वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्यांनी गटारात असं काही सोडलं की शुद्धीकरण केंद्रातले मैला खाणारे जिवाणू एका दिवसात मेले. नदी अडीच महिने जांभळी वाहिली. खालच्या गावांनी कोर्ट गाठलं. कोर्टानं सांगितलं, जो जे सोडेल त्याचा आकार त्यानं भरावा. मग उपविधी आले, जिभा आल्या, कारखाने सुधारले. नदीत पुन्हा मासे दिसले. यातलं काही खोटं नव्हतं.

पुढं अनुसूची तीन जोडली गेली. काही औषधं अशी असतात की जिवाणू ती खात नाहीत. माणसाच्या पोटातून निघाली की गटार, केंद्र, नदी, खालच्या गावाचा नळ, असा पूर्ण प्रवास करतात आणि तशीच्या तशी राहतात. त्यांतलं सगळ्यात चिवट म्हणजे कार्बामाझेपिन. जुनं औषध. आता फार थोडे लोक घेतात, कारण नवी औषधं आली आहेत. कस्तुरी अकराव्या वर्षापासून हेच घेत होती. दोनदा डॉक्टरांनी बदलून पाहिलं. दोन्ही वेळा आयसीयू.

"पण कशासाठी घेतीस?" मालननं विचारलं.

"चक्कर येते," कस्तुरी म्हणाली. लग्नाच्या बोलण्यांत आईनं हाच शब्द वापरला होता.

&nbsp;

कलम ९. परीक्षक कोणत्याही व्यक्तीचे नाव नोंदवणार नाही. खाजगीपणाचा पूर्ण आदर राखला जाईल.

सुयोग तारळेकर हा नदीच्या खोऱ्याच्या प्राधिकरणात निरीक्षक होता. अकरा गावांतल्या सगळ्या जिभा त्याच्या एका पडद्यावर होत्या. नावं नव्हती. नावांची गरजही नव्हती. अकरा गावांत ही गोळी घेणारे चाळीसेक लोक. प्रत्येकाचा ठिपका पडद्यावर वर्षभर एकाच गल्लीत लुकलुकतो. एक ठिपका एका घरातून नाहीसा झाला आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी नवा उगवला, तर तो कोणाचा हे शोधायला डोकं लागत नाही.

हे त्यानंच तिला सांगितलं होतं, जेवताना, हसत. "तू कुठंही जा. तुझ्याआधी तुझी गोळी माझ्याकडं पोचते."

लग्नाला महिना झाला तेव्हा तिला त्याच्यासमोर पहिल्यांदा फीट आली. त्यानं डॉक्टर बोलावला, तिला सावरलं, सगळं केलं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा खोका त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. सकाळी एक, संध्याकाळी एक, त्याच्या हातून. ती उलट बोलली की गोळी नाही. माहेरच्या मैत्रिणीशी फोनवर जास्त वेळ बोलली की गोळी नाही. एकदा चार दिवस नाही. पाचव्या दिवशी एक फीट थांबायच्या आत दुसरी आली, दुसरी थांबायच्या आत तिसरी, चाळीस मिनिटं. त्यानं त्या चाळीस मिनिटांचं शूटिंग केलं, आणि मग रुग्णवाहिकेला फोन केला.

त्याच्या फोनमध्ये अशा त्रेचाळीस फिल्म होत्या. त्या दाखवून तो एका डॉक्टरकडून कागद करून घेणार होता: ही बाई स्वतःला सांभाळू शकत नाही, हिचा पालक नवरा.

त्या सोमवारी तो आंघोळीला गेला आणि किल्ली पँटमध्ये राहिली.

घरच्या छळाचे अर्ज बघणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंनी त्याच सकाळी तिला फोनवर सांगितलं होतं, "आजपासून तीन आठवड्यांनी, सोमवारी, तारीख आहे. आदेश हातात आला की त्याला तुमच्याजवळ यायची बंदी. पण तोवर त्यानं नेलं, आणि तो कागद पुढं केला, तर कोर्टात तुमच्या वतीनं तोच बोलेल. तेवढे तीन आठवडे सापडू नका."

&nbsp;

कलम १४. सांडपाणी जोडणीखेरीज अन्यत्र सोडण्यास सक्त मनाई आहे.

मालननं एक झाकणाची बादली आणली. घरामागं बंद पडलेली मागाची शेड होती, तिच्या कोपऱ्यात तिनं स्वतः खड्डा खणला, राख आणून ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन ती पदर खोचून निघायची.

"लाज वाटते, मावशी."

"लाज कसली? तुझ्या आईची उलटी मी ओंजळीत धरलीया, तुझ्या वेळी पोटुशी होती तवा. मशीन बंद पडलं असतं तर दोघींचा खाडा लागला असता."

पलीकडच्या हुंडेकरकाकूंचं लक्ष होतं. "मालनबाई, झाकून काय नेताय रोज?"

"शेण."

"म्हैस कवा घेतली?"

"घ्यायची हाय. सराव करतीया."

बादलीनं बरंच थांबलं. सगळं थांबलं नाही. औषध घामात असतं, थुंकीत असतं. आंघोळीचं पाणी, चूळ, धुतलेला कुडता. शनिवारी मेसेज आला. दुसऱ्या मंगळवारी सकाळी तिसरा आला, आणि त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडाशी एक कागद चिकटला.

&nbsp;

कलम १७. दहा दिवसांत तीन वेळा पदार्थ आढळल्यास प्रत्येक घराचा चेंबर स्वतंत्र उघडून तपासला जाईल. त्याआधी अठ्ठेचाळीस तासांची सूचना देणे बंधनकारक आहे. निरीक्षकाचा अधिकार चेंबरच्या झाकणापर्यंतच राहील.

गुरुवार, सकाळी अकरा. सर्व सात जोडण्या. खाली छापलेलं नाव: सु. वि. तारळेकर.

"मी जाते," कस्तुरी म्हणाली.

"कुठं?"

कुठं ते तिलाही माहीत नव्हतं. अकरा गावांत जिभा होत्या. जिथं गटारच नाही अशा खेड्यात तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. गोळी आत्ता सोडली तरी चार-पाच दिवस ती अंगातून पाझरत राहणार, आणि सोडल्यावर काय होतं हे त्रेचाळीस फिल्ममध्ये होतं.

मालन कागदाकडं बघत उभी राहिली. बावीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं, तुटलेला धागा हजार धाग्यांतून शोधायचा. "सगळेच धागे तुटले," ती हळूच म्हणाली, "तर कुठला तुटलाय ते कळत न्हाई. गोळ्या आण. सहा घरांच्या मोऱ्यांत एकेक टाकून येते."

"नाही चालत, मावशी."

"का?"

कस्तुरीनं सांगितलं. हेही तिला सुयोगनंच शिकवलं होतं, कारण त्याला शिकवायला आवडायचं. गोळी मोरीत टाकली तर ती कच्ची जाते, दुकानातून आली तशी. पोटात गेली तर यकृत तिला फोडतं, तिच्या रेणूला दोन नवे कोपरे फुटतात, आणि लघवीतून येते ती ही बदललेली, पिकलेली. जिभेवर दोन्हींच्या खाचा वेगळ्या. कच्ची जास्त असली की समजायचं कोणी औषध ओतलं. पिकलेली असली की समजायचं, आत माणूस आहे.

मालननं पदर खोचला. म्हणाली, "आज पापडाला सगळ्या माझ्याकडंच येणार हायत."

&nbsp;

(या विषयावर उपविधीत कलम नाही.)

उन्हाळ्यात साळी गल्लीत पापड असे होत: आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. जिचं पीठ तिचा चहा. बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येत. कोणी कोणाला पैसे देत नसे, आणि कोणी चुकवत नसे. बिल्किसभाभींच्या घरी उडदाचे पापड होत नसत, तरी त्या येत. त्यांच्या शेवयांना सगळ्या जात.

उडदाचं पीठ कुटून तेलाचा हात लावून ठेवलं होतं. सहा घरांच्या बायका गोल बसल्या. कस्तुरी लाट्या तोडून देत होती. आठ दिवस जिला कोणी नीट पाहिलं नव्हतं ती पोरगी आज समोर बसली होती, त्यामुळं लाटणी जरा सावकाश फिरत होती.

"भाचीला आता दाखवलंस व्हय," हुंडेकरकाकू म्हणाल्या. "आम्हाला वाटलं म्हैस आणलीस."

हसू ओसरलं तेव्हा मालननं सांगायला सुरुवात केली. सगळं. किल्ली, फिल्म, जीभ, गुरुवार. लाटणी थांबली, पापड पोळपाटावर वाळायला लागले.

"म्हणजे तुला होतं काय नक्की?" कोपऱ्यावरच्या दोघी जावांपैकी थोरलीनं विचारलं. त्या वेगळ्या राहत, दोन घरं, दोन चेंबर.

कस्तुरीनं तोंड उघडलं, तिला चक्कर म्हणायचं होतं. "फीट येते," ती म्हणाली. "लहानपणापासून. तोंडाला फेस येतो. कपडे खराब होतात. मी पडते तेव्हा एक किंकाळी येते, ती मी मारत नाही, आपोआप येते."

बिल्किसभाभींनी तिच्यापुढची परात थोडी बाजूला सरकवली आणि तिच्या हाताला लागलेलं पीठ आपल्या पदरानं पुसलं.

"आम्ही करायचं काय?"

"गोळी गिळायची. रोज एक, आजपासून. गुरुवारी अकराच्या आत तीन होतील." कस्तुरी घाईनं बोलायला लागली, जणू त्यांनी हो म्हणायच्या आत तिला सगळं वाईट सांगून टाकायचं होतं. "गरगरेल. एकाचे दोन दिसतील. अंगावर लाल पुरळ आलं तर लगेच थांबायचं, ते जिवावर जातं. गरोदर बाईनं अजिबात नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी कोणाला काही..."

"माझ्या सुनेला पाचवा हाय," गल्लीतल्या पेंटरची आई म्हणाली. "माझ्याच घरातनं पाहिजे ना? मग मी गिळते."

"एक गोळी खाऊन एवढं व्हत असंल," धाकटी जाऊ म्हणाली, "तर आमच्या ह्यांना पण द्या. निदान पडून तरी राहतील."

"तुझ्या नवऱ्याला गोळीची गरज हाय व्हय पडून राहायला?" थोरली म्हणाली.

हुंडेकरकाकू हसल्या नाहीत. त्या पापड लाटत राहिल्या, कडा फाटेपर्यंत. "मी गिळते," त्या म्हणाल्या. "पण तो विचारणार. कशाला घेता म्हणून. मी काय बोलणार न्हाई. रविवारी आर्याचा साखरपुडा हाय. आईला फीट येते म्हटलं की उद्या पोरीला कोण विचारंल? गिळते, पण बोलणार न्हाई."

"नका बोलू, काकू," कस्तुरी म्हणाली.

मालन उठली. चहा आणला. बशीत सात गोळ्या आणल्या.

खोक्यात आता एकशेचार होत्या; आठ दिवसांत सोळा तिच्या पोटात गेल्या होत्या. सात उचलल्या गेल्या.

&nbsp;

बुधवारी दुपारी, पाण्याच्या टाकीपाशी.

"थोरल्या जाऊबाई दोन दिसायला लागल्यात मला."

"मग?"

"एकच पुष्कळ होती."

&nbsp;

कलम २१. पदार्थ आढळल्यास घरातील वापरकर्त्याने त्याचे कारण स्वतः, तोंडी, निरीक्षकासमोर सांगावे. ते ध्वनिमुद्रित केले जाईल.

कस्तुरी माळ्यावर पालथी पडली होती. झरोक्यातून गल्ली दिसत होती. तिला सुयोगचं डोकं दिसलं, मधोमध पाडलेला भांग, इस्त्रीचा निळा शर्ट. त्याच्याबरोबर झाकणं उचलणारे दोघे. त्याच्या हातात लहान जीभ, काठीला लावलेली.

जोडणी १. पदार्थ: होय. अवस्था: शरीरातून. वापरकर्ता: बिल्किस मोमीन. कारण: "मला फीट येते, साहेब."

जोडणी २. पदार्थ: होय. अवस्था: शरीरातून. कारण: "फीट येते. सासूबाईंना पण यायची. घरातच हाय आमच्या." (थोरली जाऊ.)

जोडणी ३. पदार्थ: होय. अवस्था: शरीरातून. कारण: "काय खोटं बोलली ती. सासूबाईंना न्हवती. मला येते." (धाकटी.)

इथं सुयोगनं काठी खाली ठेवली आणि गल्लीकडं पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं. दारादारात बायका उभ्या होत्या. एक भिंतीला धरून उभी होती.

जोडणी ४. पदार्थ: होय. अवस्था: शरीरातून. वय: सासष्ट. कारण: "फीट. कळलं न्हाई का? फी-ट." (पेंटरची आई.)

जोडणी ५. पदार्थ: होय. अवस्था: शरीरातून. वापरकर्ता: मालन साळुंखे. कारण: "सगळ्यांचं तेच माझं. पाण्यात काय तरी असंल. तपासा की नदी."

"घर बघू द्या तुमचं," सुयोग म्हणाला.

"झाकणापर्यंत," मालन म्हणाली. "लिवलंय तुमीच. सतरा नंबर."

जोडणी ६. पेंटरच्या धाकट्या भावाचं घर. पदार्थ: होय. कारण: "फीट, साहेब. लग्नाआधीपासनं." (त्याची बायको.)

जोडणी ७.

झाकण उचललं. काठी आत गेली. हिरवा दिवा लागला. पदार्थ: होय. झाकण उचलणाऱ्यांपैकी एकजण हुंडेकरकाकूंकडं बघून ओळखीचं हसला. तो आर्याच्या होणाऱ्या सासरच्याच वाड्यातला होता. आर्या दारात होती, केसांना मेंदी लावून.

"तुम्हालाही?" सुयोगनं विचारलं.

काकूंनी खाली पाहिलं. कस्तुरीला माळ्यावरून त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. *नका बोलू*, ती मनात म्हणाली, आणि त्याच वेळी, लाज वाटावी इतक्या जोरात, *बोला* असंही म्हणाली.

सुयोगची नजर त्या मेंदीवरून हसणाऱ्या माणसाकडं गेली. "मुलीचं ठरलंय ना कुठंतरी?" सुयोग म्हणाला. आवाज मऊ होता. तो आवाज तिला माहीत होता. "जपून बोला, काकू. हे मुद्रित होतं."

काकूंनी मान वर केली.

"मला फीट येते," त्या म्हणाल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं. "लहानपणापासनं. लिवून घे."

कारण: ——

सुयोगनं तेवढी ओळ भरली नाही. तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, आणि सातही दारांना ऐकू जाईल असं बोलायला लागला. रागावलेला नव्हता.

"नवीन नोंद झाली की कलम बावीस लागतं. तीस दिवस निरीक्षण. अशी एकेक छोटी जीभ आजच प्रत्येकीच्या चेंबरात बसेल. खरी रुग्ण असेल तर रोज गोळी घेईल, रोज इथं दिसेल. एक दिवस खंड पडला तरी प्रमाण उतरतं, ते दिसतं; मग माहिती खोटी, जोडणी बंद. संडास, मोरी, सगळं." त्यानं घरांवरून नजर फिरवली, वरच्या झरोक्यांवरून. "खोक्यात एकशेवीस होत्या. मी मोजून ठेवतो नेहमी."

तो गेला नाही लगेच. दोन्ही माणसं सात जिभा बसवीपर्यंत थांबला. मालनच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून पाणी मागितलं. मालननं दिलं.

&nbsp;

कलम २२ (ख). निरीक्षणकाळात औषधाचा पुरवठा करणे ही रुग्णाची जबाबदारी राहील.

माळ्यावर कस्तुरीनं पट्ट्या मांडल्या. आजची सकाळ धरून त्या सातजणींच्या एकवीस गेल्या. तिच्या चार. उरल्या एकोणऐंशी.

सुनावणी सोमवार सोडून पुढच्या सोमवारी. उद्यापासून अकरा दिवस. सात घरं, अकरा दिवस, सत्त्याहत्तर. आदेश हातात आला की संरक्षण अधिकारी बाई नगरपालिकेला सगळं खरं सांगणार होत्या. त्याआधी एका घराचा एक दिवसही चुकला, तर गल्ली उघडी पडणार आणि तो परत येणार. नव्या गोळ्या आणायच्या तर तिच्या नावाची चिठ्ठी लागणार, आणि चिठ्ठी त्याच्या घरच्या पत्त्याची.

तिला स्वतःला अकरा दिवसांत बावीस लागणार होत्या. उरत होत्या दोन.

तिनं पुन्हा मोजलं. मग वेगळ्या तऱ्हेनं मोजलं, दिवसांप्रमाणे, मग घरांप्रमाणे. प्रत्येक वेळी तेच. मालनच्या चेंबरात मालनची गोळी दिसत होती. कस्तुरी बादलीवर होती. सगळ्या गल्लीत एकच शरीर असं होतं की ज्याच्या गोळीची जिभेला गरज नव्हती.

सुयोगलाही हे ठाऊक असणार. तो आकडेमोडीत चुकत नसे. तो त्या किंकाळीची वाट बघत होता.

तिनं जाऊन सांगावं बायकांना, थांबा, मी बाहेर येते? तिनं हेही मोजलं. सातजणी बोलून बसल्या होत्या. मुद्रित झालं होतं. आता ती बाहेर आली तर त्यांचं बोलणं फुकट जाणार होतं, आणि परतही येणार नव्हतं.

&nbsp;

शुक्रवारी सकाळी आठला त्या मालनच्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्यापाशी दाटी झाली. पेंटरच्या आईला तिच्या सुनेनं दंड धरून आणलं होतं. धाकट्या जावेनं रात्रभर ओकून काढलं होतं आणि त्याबद्दल ती थोरलीला शिव्या देत होती.

हुंडेकरकाकू शेवटी आल्या.

"साखरपुडा?" मालननं विचारलं.

"थांबू म्हणालेत. काल दुपारीच फोन आला." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "आर्या बोलत न्हाई माझ्याशी. बोलंल."

"काकू, मी..."

"गप. गोळी आण."

कस्तुरीनं पट्टी हातात घेतली. बिल्किसभाभींनी तिचं मनगट धरलं.

"तो काल बोलला ते आम्ही पण ऐकलं. एकशेवीस. मला पण मोजता येतं, बेटा. तुला किती उरतात?"

"पुरतात."

"पुरतात तर आमच्यासमोर खा. आधी तू, मग आम्ही. तू उपाशी राहणार असशील तर आमच्यातली एक पण गिळणार नाही."

"बरोबर हाय," थोरली म्हणाली. सगळ्याजणी थांबल्या. मालन कस्तुरीच्या तोंडाकडं बघत होती.

कस्तुरीनं पट्टी दाबली. चंदेरी कागद फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गोळी तळव्यावर पडली, पांढरी, मधोमध रेघ असलेली, सगळ्यांनी पाहिली. तिनं मूठ तोंडाशी नेली, मान मागं टाकली, आणि दुसऱ्या हातानं पेला उचलून पूर्ण पाणी प्यायली. थोडं हनुवटीवरून ओघळलं.

"आ कर," बिल्किसभाभी म्हणाल्या.

तिनं तोंड उघडलं.

"जीभ वर."

तिनं जीभ वर केली. तोंडात काही नव्हतं.

मग हात पुढं आले. तिनं एका हातानंच एकेक पट्टी दाबून गोळ्या वाटल्या. मालन, बिल्किसभाभी, दोघी जावा, पेंटरची आई, धाकट्या भावाची बायको. प्रत्येकीनं गिळली आणि पेला पुढं दिला. शेवटी काकूंचा हात आला, तेव्हा कस्तुरीनं आपली मिटलेली मूठ त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि उघडली.

काकूंनी गोळीकडं पाहिलं. "ओली कशी गं?"

"हाताला पाणी होतं."

काकूंनी ती तोंडात टाकली.